शेंडीचे हंस

आत्या, परवा तुमची उशी उन्हात घातली. खोळ आजवर तीनदा बदलली, आतली पिसं तीच आहेत. एका कोपऱ्यातली शिवण उसवली होती. त्यातून एक पीस निघालं, राखी रंगाचं, टोकाला पांढरं, आणि वाऱ्याबरोबर अंगणभर फिरायला लागलं. मी या वयात, या गुडघ्यांनी, त्याच्यामागे धावले. लेक ओट्यावरून हसत होती. म्हणाली, आई, एका पिसापायी पडशील, बाजारात हव्या तेवढ्या उशा मिळतात. मी पीस धरलं, परत आत घातलं आणि शिवण मारली. पण मग दुपारभर चैन पडेना, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तुमची सून म्हणून पंधरा वर्षं काढली तरी तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आता तर वाचायचा प्रश्नच मिटला आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सात हंस होते. ते मला पहिल्यांदा दिसले ते वरातीतल्या ताशेवाल्याच्या मागे लागलेले. मोठ्या नराने त्याचं धोतर पकडलं होतं, तो ताशासकट गोल फिरत होता आणि माझी सगळी माहेरची माणसं तोंडात पदर घालून हसत होती. तुम्ही दारात माप ठेवून उभ्या होतात. तुम्ही नराला रागावला नाहीत, ताशेवाल्याला रागावलात. सकाळपासून तू कानाशी केकाटतोयस, त्याने काय करावं, असं काहीसं म्हणालात. मी मनात म्हटलं, या घरात माणसांचा नंबर हंसांच्या नंतर लागतो की काय. ते फारसं खोटं निघालं नाही.

खोपोलीच्या बाजारात मिळायचे ते हंस निराळे. त्यांच्या चोचीच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ असते. आपल्यांच्या चोची साफ, अंग पांढरं, पाठीवर घोंगडी टाकल्यासारखा राखी रंग, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला पिसांची उभी शेंडी. गावातली पोरं त्यांना गुरुजी म्हणून चिडवत. तुम्ही लहानपणी बोरघाटाच्या पायथ्याशी एका बंगल्यात कामाला होतात, तिथल्या म्हाताऱ्या पारशीण बाईंचे हे हंस. त्या बंगला विकून कायमच्या गेल्या तेव्हा त्यांनी एक नर आणि दोन माद्या तुमच्या हवाली केल्या. आपल्या वडिलांच्या घरचे हे हंस आहेत, असले दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत, मोडू देऊ नकोस, एवढंच सांगितलं. तुम्ही तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या असाल. लग्न ठरल्यावर हंस घेऊन येईन, अशी अट घालणारी या पंचक्रोशीतली तुम्ही एकटीच नवरी. तुमच्या सासरच्यांनी ती मानली कशी, हे मला कधी समजलं नाही. वर पाताळगंगेला विजेच्या कारखान्याचं पाणी सुटायचं, त्यामुळे चैत्र-वैशाखातही आपल्या घराखालचा डोह भरलेला असे, आणि म्हणून हंस जगले, असं तुम्ही म्हणायचात. पाण्यापेक्षा तुमच्या हट्टाने जगले, असं मला वाटतं.

त्या हट्टाची चव मला पहिल्याच वर्षी मिळाली. हंस डोहावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी धुणं धूत बसले आणि पलीकडच्या आळीतला गाठीवाला नर येऊन आपल्या माद्यांत मिसळला. मला वाटलं, असू दे, पाहुणा आहे. तुम्ही वरून पाहिलंत आणि हातातलं सूप तिथेच टाकून धावत आलात. त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते धुणाऱ्या चार बायकांच्या देखत बोललात, आणि मला ते फार लागलं. घरी आल्यावर भाकरी थापताना मात्र आवाज खाली आणून सांगितलंत, "एकदा गाठ शिरली का ती पिढ्या जात नाय गं. भातात भेसळ झाली तर निवडता येती. रक्तातली कशी निवडशील?" त्या हंगामात घातलेली सगळी अंडी तुम्ही माणसांच्या पोटात घातलीत, एकही उबवायला ठेवलं नाही. गावातल्या बाळंतिणी खूश झाल्या.

हळूहळू मलाही ते काम यायला लागलं. दिवाळी सरली की माद्या अंड्यावर येत. अंडी काढून घेतली की मादी आणखी घालते, म्हणून तुम्ही पहिली अंडी खुडूक कोंबडीखाली बसवायच्या. पण हंसाचं अंडं कोंबडीला पेलत नाही. तिला ते चोचीने उलटवता येत नाही, आणि न उलटवलं तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. म्हणून अंड्याच्या एका अंगाला काजळाचा टिळा लावायचा आणि दिवसातून तीनदा हाताने फिरवायचं, सकाळी टिळा वर, दुपारी खाली. हंसीण पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते, कोंबडी कोरडी, म्हणून नंतरच्या दिवसांत कोमट पाण्याचा हबकाही मारायचा. असे तीस दिवस. तुम्ही भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायच्या. आजाऱ्याला कूस बदलून द्यावी तशी अंड्याला कूस बदलून द्यायची, हे तुमचं वाक्य. पिल्लू मोठं होऊन शेंडी फुटली की पायात लाल दोरा बांधायच्या. शेंडी नाही त्याला दोरा नाही, तो कोणाला देऊन टाकायचा किंवा शिजवायचा. त्यात तुम्हाला दयामाया नव्हती.

बियाणं एका घरात ठेवू नये म्हणून तुम्ही लाल दोऱ्याची एक जोडी कर्जतकडच्या मावशीकडे दिली होती, एक रसायनीच्या वसाहतीत राहायला गेलेल्या तुमच्या भावाकडे. अट एकच, गाठीवाल्यांत मिसळायचे नाहीत. तुम्हाला वाटायचं, आपली सोय पक्की आहे.

आणि एक नेम होता. घरात कोणी बाजूला बसलेली असली, म्हणजे त्या चार दिवसांतली असली, तर तिने उबवणीच्या अंड्यांना शिवायचं नाही. सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, अंडी नासतात. मी मागच्या पडवीत बसायचे, माझं काम तुम्ही करायच्या. खरं सांगते, मला तो नेम जाचक वाटत नव्हता. सुनेला महिन्यात मिळणारी ती एवढीच सुट्टी.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीपर्यंत कळप आटत आटत एक नर आणि एका मादीवर आला होता. काही म्हातारे होऊन गेले, काही कुत्र्यांनी नेले, एका पावसाळ्यात मर लागली. त्या हिवाळ्यात मादीने पाच अंडी घातली, आणि सहाव्या दिवशी डोहाकाठी कोल्ह्याने तिला धरलं. नुसती पिसं उरली होती. तुम्ही ती सगळी गोळा करून आणलीत, धुऊन सुपात वाळत घातलीत. मग एका दणकट कोंबडीखाली ती पाच अंडी बसवलीत. टोपली माजघरात, उंबऱ्याच्या आत, कणगीच्या आडोशाला ठेवलीत.

आठव्या दिवशी तुम्ही माजघराची दारं लावून घेतली आणि बांबूने एक कौल सरकवलं. उन्हाची तिरीप खाली आली. एकेक अंडं तिच्यात धरायचं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तुम्हाला काही दिसत नव्हतं, म्हणून मी पाहायचं आणि तुम्ही विचारायचं. चार अंड्यांत लाल कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसत होतं. पाचवं कोरं होतं, तरी तुम्ही तेही परत कोंबडीखाली ठेवलंत. चार आहेत म्हटल्यावर तुम्ही दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपलात, जणू मीच ती घातली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला पनवेलला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. तेव्हा ते आजच्यासारखं सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं काम नव्हतं, डोळे बांधून दहा-बारा दिवस पडून राहावं लागे. तुम्ही जायलाच तयार नव्हता. मीच म्हटलं, मी आहे ना. टेंपोत बसताना तुम्ही माझा हात धरलात. "ही चार आपली नायत गं. त्या बाईची हायत. मी नुसती राखणदार, अन् आता तू." मी हो म्हटलं.

आता इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला तेव्हा दिवस गेले होते. पाळी चुकून बारा दिवस झाले होते. त्याआधी दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा तुम्ही आनंदाने गावभर सांगितलंत, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. त्यानंतर डोहावरच्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने पाहायच्या ती मला पुन्हा नको होती. मी ठरवलं, चौथा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, तुमच्या लेकालाही नाही. पण आपल्या गावात ते लपतं कसं? शेजारच्या काकी प्रत्येक सुनेचे दिवस बोटांवर मोजत. सून महिन्याला पडवीत दिसली नाही की दुपारपर्यंत सगळ्या आळीला खबर. काकी दोनदा विचारून गेल्या होत्या, या महिन्यात उशीर गं तुला. त्यात मला कोंबडीच्या टोपलीचा वास सहन होईना. ओला पेंढा, विष्ठा, ऊब. अंडी फिरवायला वाकले की पोटातून ढवळून यायचं. तुम्ही जाऊन दोन दिवस झाले आणि तिसऱ्या सकाळी मी चटई उचलली आणि पडवीत जाऊन बसले. काकींना सांगितलं, बाजूला बसले. त्यांनी लगेच बोटं मोजली आणि त्यांचं समाधान झालं. ताटलीत भाकरी आणून दूर ठेवून गेल्या.

अंडी फिरवायला मी ह्यांना सांगितलं. हे हसले, पण एका सकाळी फिरवली. मग कारखान्यात जोडीदार आला नाही म्हणून दोन पाळ्या लागोपाठ करायला लागले. संध्याकाळी मी पडवीतून विचारलं, फिरवलीत का. हे हो म्हणाले. माझ्या नवऱ्याचा खोटा हो मला तेव्हाही ओळखू यायचा. काकींना सांगता आलं असतं, पण त्या दहा प्रश्न विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्यासुद्धा हलवत नसत. मी मनाची समजूत घातली की चार दिवसांनी काय होतंय. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आले आणि फिरवायला लागले. पुढे एकदाही चुकले नाही. कौल सरकवून पाहायचा धीर मात्र झाला नाही.

तुम्ही आलात त्या दिवशीची उन्हं मला अजून दिसतात. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मोतीबिंदूचा, म्हणजे आंधळ्याच. तुम्ही पाणीसुद्धा न घेता भिंतीला हात लावत माजघरात आलात आणि टोपलीपाशी बसलात. कोंबडीखालून एक अंडं काढलंत आणि कानाशी धरून हलकेच हलवलंत. आत पाणी वाजलं. मला उभ्या जागी ऐकू आलं. तुम्ही ते जमिनीवर ठेवलंत, दुसरं घेतलंत. असं पाचही वेळा. मग माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाच्या अंदाजाने तोंड करून विचारलंत, "फिरवली नायत का गं?"

मी म्हणाले, मी बाजूला बसले होते.

काकी मागोमाग आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, हिने चुकून शिवलं असेल, त्याशिवाय नासायची नाहीत. तुम्ही त्यांना तिथेच तोडलंत. "तिनं नेम पाळला म्हून गेली अंडी. मंग असला नेम काय कामाचा? माझ्या घरात आता कुणी बाजूला बसायचं नाय." तुम्ही पाचही अंडी पदरात घेतलीत, चाचपडत शेवग्याखाली गेलात आणि माझ्याकडून खड्डा करवून घेऊन पुरलीत. माझ्या खोट्याने तुम्ही तुमच्या सासूने घालून दिलेला नेम मोडलात आणि दोष त्या नेमाच्या माथी मारलात. माझी लेक न्हाती झाली तेव्हा ती एक दिवसही पडवीत बसली नाही. आळीतल्या बाकीच्या घरांतही मग तो नेम ढिला पडत गेला. बायका आजही म्हणतात, तुझी सासू काळाच्या पुढची. मी मान डोलावते.

चष्मा आल्यावर तुम्ही मला घेऊन बियाणं शोधायला निघालात. तोवर मी दिवस गेल्याचं सांगितलं होतं, मात्र ते पडवीच्या हिशेबाने, महिना-सव्वा महिना पुढे ढकलून. रसायनीला तुमच्या भावाने खालमानेने सांगितलं की वसाहतीत आवाजाची तक्रार झाली, देऊन टाकले, कोणाला ते आठवत नाही. मग एसटीने कर्जत. मावशी वारली होती, पण तिच्या सुनेकडे अकरा हंस होते, आणि लांबूनच त्यांतल्या दोघांची शेंडी दिसली. मला इतका आनंद झाला की मी तुमचा दंड दाबला. तुम्ही कुंपणाशी गेलात, जाड चष्मा पुसलात, पुन्हा लावलात. शेंडी होती. चोचीवर गाठही होती.

"हाय, पण नाय," म्हणालात, आणि एसटीकडे वळलात. येताना चौक गाव गेल्यावर तुम्ही पिशवीतलं केळं काढून माझ्या हातात दिलंत, पोटुशीने उपाशी राहू नये म्हणून.

लेक झाली ती सगळ्यांच्या हिशेबाने आठव्या महिन्यात. काकींना तर आठव्याचं पोर जगत नाही असंच माहीत होतं, त्या रडायच्या तयारीने आल्या होत्या. पोर मात्र गुबगुबीत, डोकं भरून केस, नखं बोटांच्या पुढे आलेली. तुम्ही तिला सुपातून उचललंत, तळहातावर तोललंत, अंडं तोलायच्या तसंच. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "पुरत्या दिवसांची हाय."

भिंतीवर रेघा ओढून आयुष्यभर दिवस मोजणारी बाई तुम्ही. महिना-सव्वा महिना कुठून कमी झाला हे तुम्हाला त्या क्षणी समजलं, मी पडवीत का बसले होते तेही समजलं. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी डोळे मिटून पडले. तुम्ही काकींकडे वळलात आणि म्हणालात, पोर आठव्याची आहे, पण आपल्या घरचं पाणीच तसं. पाचवीला तुम्ही तिच्या डोक्याखाली ही उशी ठेवलीत, कोल्ह्याने नेलेल्या मादीच्या पिसांची. ती शिक्षा होती की माफी, हे मला तेव्हा विचारता आलं नाही. नंतरही आठ वर्षं आपण एका चुलीवर स्वयंपाक केला, एका डोहावर धुणं धुतलं, आणि मी विचारलं नाही. एकटा नर तेवढा अंगणात फिरायचा. गाठीवाली मादी आणू या का, असं मी एकदा म्हटलं, तर तुम्ही नको म्हणालात. तुमच्यानंतर दोन पावसाळे काढून तोही गेला. त्याला मी शेवग्याखालीच पुरला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, उशीच्या खोळीत घालणार आहे, आणि लेकीला सांगणार नाही. खोटं बोलले, याची कबुली तुम्हाला द्यायची गरज नाही, ते तुम्हाला माहीतच होतं. जे माहीत नव्हतं तेवढं सांगते. पडवीतल्या तिसऱ्या दिवशीची दुपार. हे कामावर होते. काकी डोहावर गेल्या होत्या, सगळी आळी रिकामी. माझं पोट शांत होतं, त्या दिवशी ढवळतही नव्हतं. उंबऱ्यापलीकडे, चार पावलांवर, टोपलीतली कोंबडी पेंढ्यात उकरत होती, तिचा आवाज मला येत होता. बाजूला बसलेली नव्हतेच मी, मला शिवायला कसली हरकत? पाच अंडी फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कोणी पाहणार नव्हतं. मला त्यांची आठवण आली नाही असं नाही, आत्या. आली होती. उठते म्हटलं, मग म्हटलं थोड्या वेळाने, आणि कूस बदलून झोपले.